खारीची तिसरी पापणी : १२ जानेवारी ते १० एप्रिल

खारी आमची बीगल कुत्री. रंग भाजलेल्या खारी बिस्किटाचा, म्हणून हे नाव. १२ जानेवारी २०२५, रविवार. ती तेव्हा सात महिन्यांची होती. सकाळी सहाला नेहमीप्रमाणे पलंगावर पुढचे पाय टेकवून मला उठवायला आली आणि अर्धवट उजेडात मला तिच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, काहीतरी लाल दिसलं. दिवा लावला. वाटाण्याएवढा, गुळगुळीत, ओला, लालभडक गोळा होता. आदल्या रात्री साडेनऊला फिरून आलो, तिचे पाय पुसले, तोंड पुसलं, तेव्हा तिथे काहीही नव्हतं. माझे हातपाय गार पडले.

सासूबाई म्हणाल्या, "रांजणवाडी असेल गं, कोमट कापूस धर." नीरजला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटलं मांजराने पंजा मारला. दहावीतला ओम जवळ येऊन बघायलाच तयार नव्हता. खारी मात्र मजेत होती, शेपूट हलवत वाडग्यापाशी जाऊन बसली. तिला काही दुखत नव्हतं. त्या सकाळी मला हे माहीत असतं तर बरं झालं असतं: हा प्रकार दिसतो भयंकर, पण तो तासाभरात डोळा जाण्याचा नसतो. डोळा घट्ट मिटलेला असेल, कुत्रं पंजाने सारखं चोळत असेल, बुबुळ दुधी दिसत असेल, तर मात्र रविवार असो की मध्यरात्र, उठून जायचं.

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीत राहतो. जवळचा दवाखाना रविवारी संध्याकाळी सातला उघडतो. तोपर्यंत मी दहा वेळा तिच्या डोळ्याचे फोटो काढले. (हे कामाला आलं. पुढे प्रत्येक डॉक्टरने विचारलं, "पहिल्या दिवशी केवढं होतं?" फोटो काढताना बाजूला एखादं नाणं धरा, आकार कळतो.) डॉक्टरांनी दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाले, "चेरी आय." तपासणीचे ५०० रुपये, थेंबांचे २८०. आठवडाभर थेंब घाला, स्वच्छ बोटाने हलकेच आत ढकलून बघा, नाही गेलं तर कापून टाकू.

लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकूंनी नातवाला मागे ओढलं. "डोळे आलेत का तिचे? लांब ठेवा हं." मी सांगितलं की हे पसरणारं नाही. तेव्हा मलाही नक्की माहीत नव्हतं, पण ते खरं निघालं. हा संसर्ग नव्हे.

आठवडाभर थेंब घातले. १४ तारखेला संक्रांतीच्या दिवशी तो गोळा बोटाने आत गेला आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिळगूळ वाटून घरी आले तर पुन्हा बाहेर. असं चार वेळा झालं. १९ तारखेला परत दवाखान्यात. पाच मिनिटं, ३०० रुपये, आणि २२ तारखेची वेळ. "दहा मिनिटांचं काम आहे. भूल देऊन कापायचं, साडेतीन हजार." एक हजार आगाऊ भरले. निघताना मी विचारलं, "डॉक्टर, तो भाग नेमका काय असतो? कापल्यावर काही अडत नाही ना?" ते म्हणाले, "काही नाही हो, एक्स्ट्रा पापणी असते. आपल्याला कुठे असते? आपलं अडतं का?"

हे वाक्य डोक्यात घेऊन मी घरी आले.

ओमची दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होणार होती. त्या रात्री तो विज्ञानाच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा धडा वाचत होता. अवशेषांगं : आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढ. मी सहज म्हटलं, तिसरी पापणीपण त्यातलीच असेल. आम्ही दोघं बाथरूमच्या आरशासमोर उभे राहिलो. तुम्हीही बघा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक गुलाबी मांसल कण असतो आणि त्याला लागून, बुबुळाच्या बाजूला, अर्धचंद्रासारखी बारीक घडी. ती घडी म्हणजे आपल्याकडे उरलेली तिसरी पापणी. हलत नाही, डोळा झाकत नाही. ओम म्हणाला, "पण आई, आपल्यात अवशेष आहे म्हणून खारीतपण अवशेषच असेल असं कसं?" मग त्यानेच पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं, की एका सजीवात निरुपयोगी असलेला अवयव दुसऱ्यात चांगला कामाचा असू शकतो.

रात्री सव्वादहा झाले होते, तरी मी दादाला फोन लावला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकला, फलटणजवळच्या गावांत गायीम्हशींचा डॉक्टर आहे. मी सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "कापायची तारीख आधी रद्द कर. मग बोलू."

तो जे बोलला ते मी तसंच वहीत उतरवून घेतलं. तिसऱ्या पापणीच्या बुडाशी अश्रूंची एक ग्रंथी असते. कुत्र्याच्या डोळ्यातल्या पाण्यापैकी साधारण एक तृतीयांश ते निम्मं पाणी तिथून येतं. बाकीचं वरच्या बाजूच्या मोठ्या ग्रंथीतून. खारीच्या डोळ्यात दिसणारा लाल गोळा ही गाठ नव्हे, तीच ग्रंथी जागेवरून सरकून वर आली आहे. तिला खाली धरून ठेवणारे तंतू काही जातींत मुळातच कमजोर असतात. बीगल, कॉकर स्पॅनियल, बुलडॉग, ल्हासा, शिह् त्झू. बहुतेकदा दोन वर्षांच्या आतच हे होतं. "पूर्वी आम्हीही कापायचो," दादा म्हणाला. "मग तीच कुत्री काही वर्षांनी डोळे कोरडे पडून यायची. बुबुळावर काळपट थर, चिकट पू, आणि जन्मभर औषध. गायीच्या तिसऱ्या पापणीला कॅन्सर झाला तर मी ती आजही कापतो, तिथं डोळा वाचवायचा असतो. इथं चांगली ग्रंथी आहे, ती आत शिवायची."

मग तो रंगात आला. बैलाच्या डोळ्यात कुसळ गेलं की ते नेमकं तिसऱ्या पापणीच्या मागे कसं लपतं, वरून डोळा स्वच्छ दिसतो आणि पाणी थांबत नाही, मग भूल देणारे थेंब घालून पापणी चिमट्याने उचलावी तेव्हा कुसळ सापडतं. घोड्याला धनुर्वात झाला की दचकल्यावर तिसरी पापणी झर्रकन डोळ्यावर येते आणि त्यावरून रोग ओळखता येतो. मांजराच्या दोन्ही डोळ्यांत ती अर्ध्यावर दिसायला लागली तर डोळ्यापेक्षा पोट बघायचं, जंत किंवा अशक्तपणा किंवा आणखी काही, पण मांजर आजारी आहे हे नक्की. रात्रीचे अकरा वाजले आणि माझी भीती निम्म्यावर आली होती. त्या पापणीला इतकं काम आहे हे ऐकूनच मला खारीबद्दल हुरूप आला.

दुसऱ्या दिवशी वेळ रद्द केली. आगाऊ भरलेले हजार रुपये परत मिळाले नाहीत. पावतीच्या मागे बारीक अक्षरात तसं छापलं होतं, मी वाचलं नव्हतं. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हिशेब बघते, दिवसभर दुसऱ्यांच्या पावत्या वाचते, त्यामुळे हे जास्त लागलं.

डोळ्यांची शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्य शोधायला चार दिवस गेले. दादाने परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं नाव सुचवलं होतं, पण पाचपाखाडीहून परळला सकाळच्या गर्दीत खारीला न्यायचं माझ्याच्याने झालं नसतं. शेवटी नेरुळच्या एका दवाखान्यात दर गुरुवारी एक नेत्रशल्यचिकित्सक बाई येतात असं कळलं. फोनवर मी दोनच प्रश्न विचारायचे ठरवले होते, आणि तुम्हीही हेच विचारा: चेरी आयमध्ये तुम्ही ग्रंथी काढता की जागेवर बसवता? आणि अशा किती शस्त्रक्रिया डॉक्टर करतात? रिसेप्शनवरच्या मुलीने दुसऱ्या प्रश्नाला अजिबात राग न मानता उत्तर दिलं, तिथेच मला बरं वाटलं. ३० जानेवारी, दुपारी बाराची वेळ मिळाली.

खारीला घेऊन पाचपाखाडी ते नेरुळ हे एक वेगळं प्रकरण. दोन टॅक्सीवाल्यांनी कुत्रं बघून नकार दिला. तिसऱ्याला मी गाडी बुक झाल्याबरोबर फोन केला, "दादा, सोबत छोटं कुत्रं आहे, चादर आणली आहे, सीटला केस लागणार नाही," आणि तो आला. हीच रीत पुढे प्रत्येक वेळी चालली. जुनी डबल बेडची चादर, ओला फडका, आणि वर पन्नास रुपये. कळवा पूल, विटावा, मग ठाणे-बेलापूर रस्ता. पुलावर गाडी अडकली तेव्हा खाली खाडीच्या चिखलात बगळे उभे होते आणि खारी काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघत होती, एक डोळा स्वच्छ, एक लाल.

डॉक्टर बाईंनी तिला टेबलावर न घेता जमिनीवर बसून तपासलं. आधी एक कागदी पट्टी खालच्या पापणीच्या आत अडकवली आणि घड्याळ लावलं. एका मिनिटात पट्टी किती मिलिमीटर भिजते ते बघायचं. पंधराच्या वर म्हणजे पाणी पुरेसं. दहाच्या खाली गेलं की चिंता. खारीचा डावा डोळा १९, उजवा १३. मग डोळ्यात पिवळसर हिरवा रंग घालून निळ्या दिव्याखाली पाहिलं. बुबुळाला कुठे ओरखडा असेल तर तिथे रंग धरतो. नव्हता. त्या म्हणाल्या, हे पाहिल्याशिवाय स्टेरॉइडचे थेंब कधीही घालू नयेत, जखम असेल तर ती चिघळते. मी मनात दचकले, कारण पहिल्या दवाखान्यात हा रंग कोणी घातला नव्हता. घरी येऊन बाटली वाचली. सुदैवाने तिच्यात स्टेरॉइड नव्हतं.

मग त्यांनी कागदावर डोळा काढून दाखवला. हा कागद अजून माझ्या फाइलमध्ये आहे. तिसऱ्या पापणीत इंग्रजी टी अक्षरासारखी एक कूर्चा असते, टीची आडवी दांडी पापणीच्या काठाला आणि उभी दांडी खाली. त्या उभ्या दांडीच्या बुडाभोवती ग्रंथी. कुत्रा ही पापणी आपल्यासारखी ठरवून मिटत नाही. डोळ्याला काही लागणार असं वाटलं की एक स्नायू अख्खा डोळा आत खेचतो, मागची चरबी दाबली जाते आणि तिसरी पापणी आपोआप सरकून बुबुळावर येते. गवतात नाक खुपसून धावणाऱ्या बीगलला दिवसातून कितीदा तिचा उपयोग होत असेल! ती पाणी बनवते, ते बुबुळावर सारखं पसरवते, धूळ कोपऱ्यात लोटते. आणि आतल्या बाजूला रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींचे बारीक पुंजके असतात.

शस्त्रक्रिया अशी: पापणीच्या आतल्या बाजूला, ग्रंथीच्या वर आणि खाली, दोन समांतर छेद घ्यायचे, ग्रंथी मध्ये दाबायची आणि छेदांच्या बाहेरच्या कडा एकमेकींना शिवून तिच्यावर खिसा करायचा. खिशाची दोन्ही टोकं उघडी ठेवायची, नाहीतर आत तयार होणारं पाणी साचून फुगवटा येतो. टाके केसाहून बारीक, आपोआप विरघळणारे. आणि गाठी पापणीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे त्या बुबुळाला घासत नाहीत. "काही वेळा परत बाहेर येते," त्यांनी स्वतःहून सांगितलं. "मग पुन्हा शिवावं लागतं. आणि दुसऱ्या डोळ्यातही येऊ शकते. आणखी एक, हिची पिल्लं घेऊ नका, हा दोष पुढे जातो." तपासणीचे १,२०० रुपये. शस्त्रक्रियेचा अंदाज १९,५००.

त्या रात्री घरात पैशांवरून बोलणं झालं. भांडण नव्हतं, पण सोपंही नव्हतं. नीरज म्हणाला, साडेतीन हजारांत होणाऱ्या कामाला वीस हजार? ओमच्या अकरावीच्या क्लासची फी समोर होती. मी वहीत दोन रकाने केले. एका बाजूला १९,५००, दुसऱ्या बाजूला कोरड्या डोळ्याच्या थेंबांचा महिन्याचा खर्च गुणिले बारा गुणिले दहा वर्षं. नीरजने ती वही उलटसुलट करून पाहिली आणि मिटून ठेवली. सोसायटीतल्या भिशीत माझा नंबर मे महिन्यात होता. मी नंबर बदलून मागितला, आणि दिला तो वरच्या मजल्यावरच्या त्याच काकूंनी.

शस्त्रक्रिया १३ फेब्रुवारीला ठरली, पण झाली नाही. भुलीआधी रक्त तपासतात. ६ तारखेला घरी येऊन रक्त घेऊन गेले, १,८०० रुपये. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: यकृत ठीक, मूत्रपिंड ठीक, प्लेटलेट एक लाख दहा हजार. कुत्र्याच्या दोन लाखांच्या वर हव्यात. गोचीड ताप. मला तिच्या अंगावर एकदाही गोचीड दिसली नव्हती. डॉक्टर बाई फोनवर शांतपणे म्हणाल्या की रक्त गोठायला वेळ लागत असताना मी डोळ्याला हात लावणार नाही, आधी २८ दिवस डॉक्सिसायक्लिन, म्हणजे प्रतिजैविकाच्या गोळ्या.

तो महिना मला सगळ्यात जड गेला. कारण हातात करण्यासारखं काही नव्हतं आणि गोळा रोज समोर दिसत होता. दिवसातून चार वेळा डोळा ओला ठेवणारे थेंब, तीन बाटल्या संपल्या, एक २४० रुपयांना. डॉक्सिसायक्लिनची गोळी कधीही रिकाम्या पोटी किंवा नुसती घशात ढकलून देऊ नका, अन्ननलिकेला चिकटली तर तिथे जखम होते. मी दहीभाताच्या गोळ्यात लपवायला गेले, पण दूधदह्याने या औषधाचा गुण कमी होतो असं दादाने सांगितलं, मग चिकनच्या तुकड्यात. २८ दिवसांच्या गोळ्या ४२० रुपयांच्या.

याच दिवसांत ओमने एक गोष्ट केली. अभ्यासाचा कंटाळा आला की तो खिडकीपाशी जायचा. आमच्या एसीच्या बाहेरच्या डब्यावर पारव्यांचं बिऱ्हाड कायमचंच. त्याने फोनवर स्लो मोशनमध्ये एका पारव्याच्या डोळ्याचं चित्रीकरण केलं आणि मला दाखवलं. नुसत्या डोळ्यांना जे दिसत नाही ते तिथे दिसलं. नारिंगी डोळ्यावर चोचीच्या बाजूने एक धुरकट पडदा सरकत मागे जातो आणि तितक्याच वेगाने परततो. वरची पापणी हललेलीही नाही. पक्ष्यांची तिसरी पापणी कुत्र्यासारखी आपोआप सरकणारी नसते, तिला स्वतःचे स्नायू असतात. ती इतकी पातळ असते की उडताना, वाऱ्यात धूळ असताना, ती डोळ्यावरून फिरली तरी पक्षी पुरता आंधळा होत नाही. कचराळी तलावापाशी तारेवर बसणारा खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हाही तो पडदा डोळ्यावर असतो. मगरीला असते, बेडकाला असते, काही शार्कना असते. मला चाळीस वर्षं पारव्यांचा फक्त त्रासच माहीत होता. त्या दिवसापासून मी त्यांच्या डोळ्यांकडे बघते.

परीक्षा सुरू झाली. ८ मार्चला पुन्हा रक्त, फक्त पेशींची मोजणी, ६०० रुपये. प्लेटलेट दोन लाख ऐंशी हजार. तारीख मिळाली २० मार्च. १४ मार्चला धुळवड होती. खारीला दिवसभर खाली नेलंच नाही, गच्चीवर वर्तमानपत्र पसरून काम भागवलं. उघड्या ग्रंथीवर रंगाची पूड बसली असती तर पुन्हा सगळं लांबलं असतं. १७ तारखेला दहावी संपली.

२० मार्च. रात्री दहानंतर खाणं बंद, सकाळी सहाला पाण्याचं भांडं उचललं. नऊ वाजता नेरुळ. लसीकरणाचं पुस्तक मागितलं, रेबीजच्या लसीची तारीख पाहिली. रक्ताचे दोन्ही रिपोर्ट छापील हवे होते, फोनमधले चालले नाहीत. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे धाव, वीस मिनिटं गेली. आधीच छापून न्या. संमतीपत्र इंग्रजीत, दोन पानं. मी सही करायच्या आधी सहायकाला म्हटलं, प्रत्येक मुद्दा मराठीत सांगा. त्याने सांगितला. भुलीचा धोका, ग्रंथी पुन्हा बाहेर येण्याची शक्यता, टाका लवकर सुटण्याची शक्यता, तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा. शेवटच्या ओळीत मी नीरजचाही नंबर घातला. बिलाबद्दल एक उपयोगी गोष्ट: पशुवैद्यकीय उपचाराच्या सेवेला जीएसटी माफ आहे. औषधं आणि गळ्यातला कॉलर यांचं बिल वेगळं निघतं.

दहा वाजता झोपेचं पहिलं इंजेक्शन दिलं. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते. पाच मिनिटांत ती जड झाली आणि तिचे दोन्ही डोळे अर्धवट उघडे असतानाच आतून पांढुरका पडदा वर आला. बुबुळं दिसेनाशी झाली. मी ओरडलेच. सहायक धावत आला, बघून हसला. "मॅडम, स्नायू सैल पडले, डोळा खाली वळला, म्हणून तिसरी पापणी वर आली. झोपेत नाही का दिसत?" दिसते. दुपारी खारी गाढ झोपली की डोळ्याच्या फटीत पांढरं दिसतं, आणि सासूबाई तेव्हा म्हणतात, "बघ, डोळे फिरवून स्वप्नं बघतेय." इतके महिने ज्या पापणीबद्दल बोलत होतो ती पूर्ण उघडलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. उजव्या डोळ्यात तिच्या काठावर तो लाल गोळा, डाव्या डोळ्यात फक्त स्वच्छ, गुलाबीसर पांढरा पडदा. तो डावा डोळा बघून मला कळलं की उजवा कसा असायला हवा.

शस्त्रक्रिया पंचेचाळीस मिनिटं चालली. मी बाहेर बाकावर होते. शेजारी सानपाड्याहून आलेले एक आजोबा मांजर घेऊन बसले होते, त्यांनी मला डब्यातला अर्धा पराठा दिला. मी खाल्ला. दोन वाजता खारी डुलत डुलत चालत आली, डोळा सुजलेला, कडेला रक्ताळ पाणी, गळ्यात प्लास्टिकचा नरसाळ्यासारखा कॉलर. औषधं १,१५०, कॉलर ६५०.

पुढचे चौदा दिवस कॉलर एक मिनिटही काढायचा नाही, हे डॉक्टर बाईंनी तीनदा सांगितलं. एकदा पंजा लागला की टाका गेला. पहिल्या रात्री ती दाराच्या प्रत्येक चौकटीला धडकली. आम्ही वाडगा उलट्या पातेल्यावर ठेवला, कॉलरच्या आत मावेल असा लहान घेतला, मग जमलं. थेंब घालताना समोरून बाटली नेऊ नका, ती डोळा आत खेचते आणि तिसरी पापणी वर येऊन थेंब बाहेर फेकते. मागे बसायचं, हनुवटी वर करायची, कपाळाच्या बाजूने हात आणायचा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं, मलम सगळ्यात शेवटी.

चौथ्या दिवशी सकाळी कोपरा पुन्हा लाल आणि फुगलेला दिसला. मी रडले. फोटो पाठवला. दुपारी उत्तर आलं की ही सूज आहे, ग्रंथी नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी असं दिसतं, थांबा. थांबलो. आठव्या दिवशी, २७ मार्चला, पहिली फेरतपासणी. सूज उतरलेली, टाके जागेवर. ३० मार्चला पाडवा. गुढीसमोर फोटो काढताना कॉलरवर सासूबाईंनी हळदीकुंकवाचं बोट लावलं.

चौदा दिवस ३ एप्रिलला भरत होते, पण बाईंनी पुढच्या तपासणीपर्यंत निदान रात्री तरी कॉलर ठेवायला सांगितला. १० एप्रिलला तो कायमचा निघाला. पुन्हा कागदी पट्टी, पुन्हा एक मिनिट. मी पट्टीकडे न बघता घड्याळाकडेच बघत होते. उजवा डोळा १८. दोन फेरतपासण्यांचे मिळून एक हजार झाले. टॅक्सीचे चार वेळा जाऊन येऊन ५,२००. पहिल्या दवाखान्यातले २,०८० धरून सगळा हिशेब ३४,३२० रुपये.

परत येताना कळवा पुलावर भरती होती, बगळे नव्हते. खारीने खिडकीतून तोंड बाहेर काढायचा हट्ट धरला, मी काच चार बोटंच उघडली. वाऱ्याने तिने डोळे बारीक केले. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढुरकी कड क्षणभर पुढे आली आणि मागे गेली.

पुढची पट्टी ऑक्टोबरमध्ये. तोवर रोज सकाळी सासूबाई देवाजवळ दिवा लावायच्या आधी ओमच्या टॉर्चने खारीचा डावा डोळा बघतात आणि स्वयंपाकघरात मला सांगतात, "आत आहे."